कागद कोणापाशी थांबला आहे? टेबलावरची बाकी कमी करण्याची कार्यालयीन रीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: तहसील कार्यालयात महसूल सहायक म्हणून रुजू होऊन आपल्याला वर्ष होत आले आहे, जमीन शाखेचे टेबल आपल्याकडे आहे, आधीच्या कर्मचाऱ्याकडून कार्यभार यादीशिवायच मिळाला, रोज संध्याकाळी उशिरापर्यंत बसूनही बाकी, म्हणजे निकाली न निघालेले कागद, वाढतच आहे, आणि मोबाइलवरील एका अ‍ॅपमध्ये कामांची यादी करून पाहिली, तर ती यादीच इतकी लांबली की ती उघडण्याचीही इच्छा होत नाही. वेळेचे नियोजन कसे करावे, असे आपण विचारले आहे. महसूल खात्यात लिपिकाच्या टेबलापासून सुरुवात करून पुढे अनेक वर्षे इतरांची टेबले तपासण्याचे काम केल्यामुळे मी या प्रश्नाचे उत्तर वेळेपासून नव्हे, कागदापासून सुरू करतो. माझ्या पाहण्यातील बहुतेक तुंबलेल्या टेबलांवर माणूस पुरेसे काम करीत होता. त्याच्यासमोरचा कागद त्याच्याकडून कार्यवाही मागतो आहे की दुसऱ्या कोणाच्या उत्तराची वाट पाहतो आहे, एवढेच त्याला एका नजरेत दिसत नव्हते.

आपल्या टेबलावरील सर्व कागदांना आपण ‘प्रलंबित’ असे एकच नाव दिले आहे, आणि पहिली अडचण तिथेच आहे. त्या ढिगात काही कागद खरोखरच आपल्या टिप्पणीसाठी, म्हणजे साहेबांपुढे ठेवायच्या लेखी प्रस्तावासाठी, थांबलेले असतील. काही प्रकरणांत मंडळ अधिकाऱ्यांचा किंवा भूमी अभिलेख कार्यालयाचा अहवाल यायचा असेल. काही प्रकरणांत आदेश होऊन, प्रती रवाना होऊन फाइल केवळ बंद करायची राहिली असेल. काही तर नुसती परिपत्रके असतील, ज्यांवर करण्यासारखे काहीच नसते. हे सर्व एकाच गठ्ठ्यात असले की रोज सकाळी तेच कागद पुन्हा उचलून, पुन्हा वाचून, ‘याचे उत्तर अजून आलेले नाही’ असे मनाशी म्हणत पुन्हा ठेवले जातात, आणि दिवसाचा चांगला वेळ त्यातच जातो. आपली मोबाइलमधील यादी याच कारणाने निकामी ठरली असावी. ‘अमुक गावचे रस्ता प्रकरण’ अशी नोंद त्या प्रकरणाचे नाव सांगते, पण पुढचे पाऊल कोणते आणि ते कोणी उचलायचे, हे सांगत नाही.

या दुखण्यावरचा उपाय आपल्याच खात्यात कधीपासून उपलब्ध आहे. अनिलकुमार लखीना यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात तत्कालीन अहमदनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी असताना कार्यालयाची बैठकव्यवस्था, अभिलेख आणि टेबलावरील कागदांची जी फेररचना केली, ती ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. पुढे पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ या नावाने जी मोहीम राबवली, तिचाही पाया अभिलेखांची वर्गवारी आणि टेबलावरील कागद सहा गठ्ठ्यांत विभागण्याची ‘सहा गठ्ठा पद्धत’ हाच होता. आपल्या कार्यालयात या पद्धतीची चिठ्ठी कपाटावर कदाचित आजही चिकटवलेली असेल. पद्धत माहीत नसलेला कर्मचारी मला क्वचितच भेटला. तपासणीच्या आदल्या दिवशी गठ्ठे बांधून ती साजरी करणारे मात्र पुष्कळ भेटले, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण रोज पाळली तर या पद्धतीचा पहिला लाभ अधिकाऱ्याला नव्हे, टेबलावरच्या माणसालाच होतो.

सहा गठ्ठे असे: कार्यवाहीसाठी प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे कागद. शेवटच्या चारांविषयी फार सांगण्यासारखे नाही. ठरावीक तारखेला वरिष्ठ कार्यालयाला पाठवायची विवरणपत्रे तिसऱ्या गठ्ठ्यात तारखेच्या क्रमाने लावावीत, शासन निर्णय आणि परिपत्रके विषयवार चौथ्यात ठेवावीत, आणि संपलेल्या प्रकरणांना वर्गवारी देऊन ती वेळच्या वेळी अभिलेख कक्षात पाठवावीत. अभिलेखांची वर्गवारी आपल्याला ठाऊक असेलच: ‘अ’ कायमचे, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ १ वर्ष. ‘ड’ कागदही वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय आणि त्याविषयी माहिती अधिकाराचा अर्ज, अपील किंवा न्यायालयीन बाब चालू नाही याची खात्री केल्याशिवाय नष्ट करू नये.

खरे काम आहे ते पहिल्या दोन गठ्ठ्यांत, आणि त्यातही माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गठ्ठा दुसरा आहे. पहिल्या गठ्ठ्यातील कागद डोळ्यांसमोर असतो, अर्जदार त्याबद्दल विचारीत असतो, साहेब त्याची आठवण करीत असतात. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातील कागदावर आपण आपले काम केलेले असते, त्यामुळे मनाला निश्चिंती वाटते. ‘मी पत्र दिले आहे’ हे वाक्य आपल्या कार्यालयांत जितक्या समाधानाने उच्चारले जाते, तितकी प्रकरणे त्या वाक्याखाली दबलेली असतात.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. शेतात जाण्यासाठी रस्ता मिळावा, असा एका खातेदाराचा अर्ज आपल्याकडे येतो. पहिल्याच वाचनात ठरवायची गोष्ट अशी की, अर्जदाराला रस्ताच नाही आणि तो लगतच्या बांधावरून नवा रस्ता मागतो आहे, की वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला आहे. पहिल्या बाबतीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ लागू होते, तर दुसऱ्या बाबतीत मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५; आणि या दुसऱ्या मार्गाने जायचे तर अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा यावा लागतो. म्हणून अर्जात अडवणुकीची तारीख आहे का, हे त्याच दिवशी पाहावे. हा अर्ज ‘नंतर वाचू’ म्हणून बाजूला ठेवला आणि महिन्याने उघडल्यावर तारीखच नाही असे आढळले, तर त्या महिन्याची भरपाई अर्जदाराला कोणीही करून देऊ शकत नाही.

समजा, प्रकरण कलम १४३चे आहे. मंडळ अधिकाऱ्यांकडून स्थळपाहणीचा अहवाल मागवायचा आहे. येथे बहुतेक टेबलांवरून एकाच ओळीचे पत्र जाते: ‘सोबतच्या अर्जाबाबत चौकशी करून अहवाल सादर करावा.’ त्याचे उत्तर अनेकदा तितकेच मोघम येते, मग त्रुटी काढून पुन्हा पत्र जाते, आणि दोन फेऱ्यांत पावसाळा सुरू होऊन बांधावर जाणेही कठीण होते. याउलट पहिल्याच पत्रात नेमके काय हवे ते लिहावे: अर्जदाराचा गट आणि मागणी केलेला रस्ता ज्या गटांच्या सीमेवरून जातो ते सर्व गट क्रमांक, त्यांच्या खातेदारांची नावे व पत्ते, अर्जदाराला आज दुसरा कोणता मार्ग उपलब्ध आहे का, मागील वहिवाटदार कोणत्या मार्गाने जात होते, आणि एक कच्चा नकाशा. लगतच्या खातेदारांना नोटिसा काढण्यासाठी ही नावे लागणारच असतात. पत्र तयार करण्यात दहा मिनिटे अधिक जातील, पण अहवाल एकदाच मागवावा लागेल.

पत्र रवाना झाल्याबरोबर फाइल पहिल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यात जाते, आणि येथे एक नियम कसोशीने पाळावा: प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात कोणतीही फाइल तारखेशिवाय ठेवू नये. फाइलच्या मुखपृष्ठावर पेन्सिलीने दोन गोष्टी लिहाव्यात, उत्तर कोणाकडून यायचे आहे आणि आपण ती पुन्हा कधी पाहणार आहोत. हा गठ्ठा विषयवार किंवा गाववार लावू नये, तारखेच्या क्रमाने लावावा, म्हणजे सकाळी संपूर्ण गठ्ठा न उलगडता वरच्या दोन-चार फाइली पाहिल्या तरी पुरते. तारीख आली आणि अहवाल आला नाही, तर आधी फोन करावा, फोनवर काय ठरले ते दिनांकासह फाइलवर एका ओळीत नोंदवावे आणि नवी तारीख घालावी. त्यानंतरही उत्तर न आल्यास स्मरणपत्र द्यावे. तेवढ्यानेही हालचाल झाली नाही, तर केवळ अशा प्रकरणांची छोटी यादी करून ती तहसीलदारांपुढे आढावा बैठकीच्या आधी ठेवावी. पाचवे-सहावे स्मरणपत्र काढणाऱ्या टेबलांविषयी मला स्पष्ट सांगावेसे वाटते की, त्यातून कर्मचाऱ्याची जबाबदारी कागदावर झटकली जाते, पण शेतकऱ्याचा रस्ता एक पाऊलही पुढे सरकत नाही.

या सर्वांना धरून ठेवणारा आधार म्हणजे कार्यविवरण नोंदवही, म्हणजे टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदाची आणि त्यावरील कार्यवाहीची वही. टपाल हाती आले की त्याच दिवशी त्यात नोंद करावी. अपवाद ठेवू नये. नोंद करताना कागद पूर्ण वाचावा आणि विषयाबरोबर पुढील कार्यवाहीही क्रियापदासह लिहावी. ‘रस्ता अर्ज’ असे न लिहिता ‘मंडळ अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवणे’ असे लिहावे. आपण मोबाइलवरील अ‍ॅप ठेवू इच्छीत असाल तर जरूर ठेवावे, परंतु नोंदवहीची दुसरी प्रत म्हणून नव्हे. त्यात फक्त आजच्या दिवसाच्या पाच-सहा कृती असाव्यात. एकच बाकी दोन ठिकाणी लिहिली की काही आठवड्यांत दोन्ही ठिकाणे अपुरी राहतात आणि माणसाचा दोहोंवरचा विश्वास उडतो.

आठवड्याच्या अखेरीस, म्हणजे आता पाच दिवसांचा आठवडा असल्यामुळे शुक्रवारी, गोषवारा काढावा: मागील शिल्लक, आठवड्यातील आवक, निकाली, प्रतीक्षाधीन आणि अखेरची शिल्लक. हा गोषवारा पर्यवेक्षकाची सही घेण्यापुरता काढू नये. शिल्लक वाढत असेल तर ती आपल्या गतीमुळे वाढते आहे, की एका विशिष्ट विषयाची आवक वाढल्यामुळे, की एकाच कार्यालयाकडून उत्तरे येत नसल्यामुळे, हे त्यातून दिसते. ‘काम फार आहे’ असे साहेबांना तोंडी सांगण्यापेक्षा चार आठवड्यांचे गोषवारे पुढे ठेवणे कितीतरी परिणामकारक ठरते. मदतनीस मिळण्याची किंवा विषयांची फेरवाटणी होण्याची शक्यता असलीच, तर ती याच मार्गाने निर्माण होते.

येथे एका वाईट सवयीबद्दल सावध करणे मला आवश्यक वाटते. गोषवारा चांगला दिसावा म्हणून आलेला अर्ज ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून खालच्या किंवा शेजारच्या कार्यालयाकडे पाठवायचा आणि तो निकाली दाखवायचा, ही रीत अनेक ठिकाणी रुळली आहे. विषय खरोखर दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर तो तत्काळ वर्ग करावाच. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(३) नुसार तर दुसऱ्या कार्यालयाशी संबंधित माहितीचा अर्ज पाच दिवसांच्या आत वर्ग करावा लागतो. परंतु निर्णय आपल्याच कार्यालयाने घ्यायचा असताना कागद पुढे ढकलून आकडा कमी केला, तर तोच अर्जदार महिन्या-दोन महिन्यांनी तक्रार घेऊन येतो, नंतर लोकशाही दिनात, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या ठरावीक दिवशी, येतो, पुढे माहितीचा अर्ज करतो, आणि एका कागदाचे चार कागद होऊन आपल्याच टेबलावर परततात. निकाली म्हणजे अर्जदाराला होकार, नकार किंवा कारणासह उत्तर मिळाले, एवढाच अर्थ आपण आपल्यापुरता तरी कायम ठेवावा.

प्राधान्य ठरवण्यासाठी स्वतंत्र शास्त्र शोधण्याची आवश्यकता नाही, कारण ते कायद्यानेच बरेचसे ठरवून दिले आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये. ‘तत्काळ’ फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि ‘तातडीची’ फाइल चार दिवसांत पुढे जावी. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणांत ४५ दिवसांत आणि गरज असलेल्या प्रकरणांत तीन महिन्यांत निर्णय व्हावा. माहितीच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत आहे. न्यायालयीन प्रकरणातील परिच्छेदनिहाय अभिप्राय आणि विधिमंडळाचे प्रश्न यांच्या तारखा तर पत्रावरच असतात. नोंदवहीत आवक दिनांकाच्या शेजारी ही अखेरची तारीख लाल शाईने लिहावी, म्हणजे कोणता कागद आधी घ्यावा, हा विचार दररोज नव्याने करावा लागत नाही.

मात्र हल्ली खरी ओढाताण कागदी टपालामुळे होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर दिवसभर ‘आजच माहिती सादर करावी’ असे संदेश येत असतात, आणि हातातील टिप्पणी अर्धवट सोडून माणूस तक्त्यामागे लागतो. अशा प्रत्येक संदेशाची नोंद टपालाप्रमाणेच नोंदवहीत करावी, तोंडी सूचनेचीही करावी. थोड्याच आठवड्यांत आपल्या लक्षात येईल की मागितली जाणारी माहिती बहुधा त्याच त्या पाच-सात प्रकारची असते: प्रलंबित प्रकरणांची कालावधीनिहाय संख्या, निकाली संख्या, गाववार यादी. या माहितीचा एक एक्सेल तक्ता करून तो शुक्रवारच्या गोषवाऱ्याबरोबर अद्ययावत केला, तर मागणी आल्यावर नव्याने आकडे जुळवावे लागत नाहीत, आणि दोन वेळा दोन वेगळे आकडे जाऊन खुलासा देण्याची वेळही येत नाही.

टिप्पणीविषयीही दोन शब्द सांगतो, कारण फाइल साहेबांकडून ‘चर्चा करा’ असा शेरा होऊन परत येणे हे विलंबाचे मोठे कारण आहे आणि ते बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. अर्जदाराने काय मागितले, अहवालात काय आढळले, कोणती तरतूद लागू होते आणि आपला प्रस्ताव काय, हे क्रमांकित परिच्छेदांत लिहावे. प्रत्येक विधानापुढे फाइलच्या पत्रव्यवहार विभागातील पृष्ठ क्रमांक द्यावा. आणि प्रस्तावाबरोबर आदेशाचा किंवा पत्राचा मसुदाही जोडावा. ‘आदेशार्थ सादर’ एवढ्यावर संपणारी टिप्पणी वाचून अधिकाऱ्याला संपूर्ण फाइल उलटावी लागते, त्याला त्या दिवशी वेळ नसतो, आणि फाइल थांबते. मत द्यायला नवा कर्मचारी कचरतो, हे मी समजू शकतो. तरीही नियमाचा आधार देऊन आपला प्रस्ताव लिहावा; तो नाकारला गेला तरी त्यातून आपण काही शिकतो, आणि मान्य झाला तर फाइल एकाच फेरीत मार्गी लागते.

आता वेळेविषयी. कार्यालय पावणेदहाला सुरू होते. पहिला दीड तास टिप्पण्या आणि आदेशांचे मसुदे यांसाठी राखावा, कारण एकाग्रता लागणारे काम तेच असते. टपाल दुपारी एकदा आणि निघण्यापूर्वी एकदा, असे दोनदाच पाहावे. भेटायला येणाऱ्या लोकांसाठी ठरावीक वेळ लावावी, असा सल्ला आपल्याला अनेकजण देतील, आणि साहेबांच्या संमतीने तशी वेळ लावायलाही हरकत नाही. परंतु सकाळच्या एसटीने गावाहून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला दुपारी तीनपर्यंत बाकावर बसवून ठेवणे मला कधीही योग्य वाटले नाही. शिवाय अभ्यागतांमुळे वेळ जातो, या समजुतीत अर्धेच तथ्य आहे. ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ एवढाच बहुतेकांचा प्रश्न असतो. फाइल शोधावी लागली तर त्याला वीस मिनिटे लागतात, आणि नोंदवही अद्ययावत असली तर ‘मंडळ अधिकाऱ्यांकडे अहवालासाठी आहे, येत्या गुरुवारी मी त्यांना फोन करणार आहे’ हे उत्तर एका मिनिटात देता येते. असे उत्तर मिळालेला माणूस पुढच्या आठवड्यात विनाकारण फेरी मारीत नाही.

ई-ऑफिस ही फाइलींची संगणकीय प्रणाली आल्यामुळे सहा गठ्ठा पद्धतीची गरज संपली, असे काहींना वाटते. फाइल कार्यालयात कोणाच्या खात्यात किती दिवस आहे, हे आता पडद्यावर दिसते आणि ही मोठीच सोय झाली आहे. तथापि बाहेरच्या कार्यालयाला गेलेल्या पत्राचे उत्तर आले की नाही, याचा पाठपुरावा अजूनही टेबलावरच्या माणसालाच करावा लागतो, म्हणून प्रतीक्षाधीन प्रकरणांची तारीखवार नोंद तेथेही ठेवावी.

राहिला प्रश्न जुन्या ढिगाचा. नवी पद्धत येत्या सोमवारपासून फक्त नव्या टपालाला लावावी. जुने आणि नवे एकत्र मिसळून सुरुवात केली, तर दोन्हींचा विचका होईल. जुन्या कागदांसाठी आपल्या पर्यवेक्षकांना सांगून आठवड्यातील एका दुपारचे दोन तास मागून घ्यावेत आणि त्या वेळेत केवळ वर्गवारी करावी, म्हणजे कागद वाचायचा, कोणत्या गठ्ठ्यात जातो ते ठरवायचे, नोंदवहीत घ्यायचा आणि पुढचा उचलायचा. कितीही सोपा दिसला तरी त्या वेळेत एकाही कागदावर प्रत्यक्ष काम करू नये, अन्यथा दोन तासांत तीनच कागद होतात. वर्गवारी झाल्यावर आधी तीच प्रकरणे घ्यावीत ज्यांत आदेश होऊन केवळ फाइल बंद करणे राहिले आहे. ढीग त्यानेच लक्षणीय उतरतो. त्यानंतर लाल शाईच्या तारखांची, आणि मग सर्वांत जुनी.

आपल्याला कार्यभार यादीशिवाय मिळाला, ही तक्रार रास्त आहे. बदल्या साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत होतात. आपली वेळ येईल तेव्हा नोंदवहीवरून शिल्लक प्रकरणांची यादी दोन प्रतींत काढावी, घेणाऱ्याची सही घ्यावी, आणि प्रतीक्षाधीन प्रत्येक प्रकरणापुढे ते कोणाकडे आहे व पुढील तारीख कोणती, हे अवश्य लिहावे, म्हणजे नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी कोणाकोणाला फोन करायचे ते यादीतच सापडेल.